आईच्या मांडीवरची शाळा

आमच्या घरी पाठ निखळलेले एक चित्रांचे पुस्तक आहे. माझा धाकटा भाऊ तीन वर्षांचा होता, तेव्हा आजी रोज दुपारी त्याला मांडीवर घेऊन ते उघडीत असे. आजीला अक्षरओळख नाही. पण प्रत्येक चित्राला ती आपल्या मनचे नाव देई, त्याची गोष्ट रचून सांगे आणि कावळ्याच्या पानावर तर आजी-नातू मिळून काव काव करीत घर डोक्यावर घेत. जिराफाला ती लांब मानेचा उंट म्हणे. मी नुकताच कॉलेजात जाऊ लागलो होतो. एकदा पाहुण्यांसमोर मी तिची ती चूक काढली, पुस्तक तिच्या हातून घेतले आणि भावाला रीतसर अक्षरे शिकवायला बसलो. चौथ्या दिवशी पुस्तक दिसताच तो पळू लागला. आजी मात्र पुन्हा त्या पुस्तकाला शिवली नाही. शिकलेल्यांचे काम शिकलेल्यांनी करावे, एवढेच ती म्हणाली.

पुढे शिक्षणशास्त्राची टिपणे काढण्यासाठी ग्रंथालयात बसलो असता कोमेनियसचे चरित्र हाती आले. परीक्षेपुरते वाचावे म्हणून घेतलेले ते पुस्तक मला पुन्हा त्या दुपारपाशी घेऊन गेले. म्हणून हा लेखनप्रपंच.

यान आमोस कोमेन्स्की हे त्याचे मूळ नाव. कोमेनियस हे त्याचे लॅटिन रूप. 28 मार्च 1592 रोजी, आज झेक प्रजासत्ताकात असलेल्या मोराव्हियात त्याचा जन्म झाला. वयाच्या बाराव्या वर्षी तो आई-वडिलांना पारखा झाला. लॅटिन शाळेत तो दाखल झाला तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्या काळच्या शाळा म्हणजे अर्थ न कळता लॅटिन घोकणे आणि चुकले की छडी खाणे! वयाने मोठा असल्याने त्या पद्धतीतला निष्ठुरपणा त्याला उघड्या डोळ्यांनी पाहता आला. जर्मनीत उच्च शिक्षण घेऊन तो परतला, शिक्षक झाला आणि पुढे बंधुसंघ या प्रॉटेस्टंट पंथाचा धर्मोपदेशकही.

1618 मध्ये युरोपात तीस वर्षांचे युद्ध पेटले. 1620 च्या लढाईत बोहेमियाच्या प्रॉटेस्टंटांचा पराभव झाला आणि कोमेनियसला फुल्नेक गाव सोडून लपतछपत फिरावे लागले. 1622 मध्ये प्लेगने त्याची तरुण पत्नी आणि दोन्ही लहान मुले नेली. पाठोपाठ फुल्नेकच्या चौकात त्याची पुस्तके जाळण्यात आली. 1628 मध्ये तो पोलंडमधील लेश्नो येथे आश्रयाला गेला. मायभूमीत कायमचे परतणे त्याच्या नशिबी नव्हते.

वाचकहो, स्वतःची मुले गमावलेला हा निर्वासित परक्या गावी बसून काय लिहितो? तर जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना कसे वाढवावे, याचे पुस्तक! शिक्षणाचे सहा-सहा वर्षांचे चार टप्पे त्याने पाडले आणि त्यांतल्या पहिल्याला नाव दिले मातृशाळा. या शाळेला इमारत नाही. प्रत्येक घर ही शाळा आणि आई ही शिक्षिका. पाणी, माती, झाड, ऊन, पाऊस ओळखणे हा तिथला विज्ञानाचा पाठ. काल, आज, उद्या समजणे हा इतिहासाचा. या वयाच्या मुलांसाठी चित्रांचे एक पुस्तक असावे आणि ते थेट त्यांच्या हातात द्यावे, हेही त्याने ‘महान शिक्षणशास्त्र’ या ग्रंथात सुचविले. चित्राने वस्तू मनावर ठसते, पुस्तकाची गोडी लागते आणि वाचनाची वाट सोपी होते, असे त्याचे म्हणणे होते.

ही कल्पना प्रत्यक्षात यायला मात्र बरीच वर्षे जावी लागली. दरम्यान 1631 च्या त्याच्या लॅटिन पाठ्यपुस्तकाने त्याला युरोपभर कीर्ती दिली. इंग्लंड आणि स्वीडनमधून बोलावणी आली. 1650 मध्ये तो हंगेरीतील शारोश्पाटक येथे शाळा सुधारायला गेला आणि तिथे त्याने ‘ऑर्बिस पिक्टस’, म्हणजे चित्रमय जग, हे पुस्तक तयार केले. चित्रे कोरणारा कारागीर तिथे मिळेना. अखेर 1658 मध्ये जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे ते छापले गेले. तेव्हा कोमेनियस 66 वर्षांचा होता.

दीडशे पाठ, प्रत्येकावर लाकडी ठशाचे चित्र. चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आकडा आणि खालच्या मजकुरातल्या शब्दाला तोच आकडा. बोट चित्रावरून शब्दावर आणि शब्दावरून चित्रावर फिरावे, अशी ही योजना. विस्तव, ढग, मधमाश्या, भटारखाना, शिंपी, न्हावी, सारे जग त्यात आले आहे. आणि अक्षरओळख सुरू होते कशाने? कावळ्याच्या ओरडण्याने! मग कोकराचे बें बें. हे वाचताना मला आजीचा आवाज ऐकू आला. शाळेत घालण्यापूर्वी हे पुस्तक मुलांना घरी मनसोक्त पाहू द्यावे, हवी तर चित्रे गिरवू द्यावीत आणि जमेल तिथे खरी वस्तूही दाखवावी, असे त्याने प्रस्तावनेत सुचविले आहे.

कोमेनियस चुकला नाही असे नाही. त्याच्या पुस्तकात गुन्हेगारांच्या देहदंडाचेही चित्र आहे; आज ते कोणी लहान मुलापुढे ठेवणार नाही. भोंदू भविष्यवाद्यांवर त्याने विश्वास टाकला. 1655 मध्ये पोलंडवर चालून आलेल्या स्वीडनच्या राजाची त्याने स्तुती लिहिली. पुढच्याच वर्षी स्वीडनविरोधी पोलिश फौजांनी लेश्नो जाळले आणि चाळीसहून अधिक वर्षे खपून रचलेल्या झेक शब्दकोशाचे हस्तलिखित त्या आगीत गेले. उरलेले आयुष्य त्याने आम्स्टरडॅमला काढले. 15 नोव्हेंबर 1670 रोजी तो निवर्तला; नार्डेन येथे त्याची समाधी आहे. त्याच्या चित्रपुस्तकाच्या मात्र पुढे शेकडो वर्षे आवृत्त्या निघत राहिल्या. जर्मन महाकवी गटे लहानपणी त्यावरच वाढला. झेक प्रजासत्ताकात 28 मार्च हा शिक्षक दिन म्हणून पाळला जातो.

ज्याचे घर, मुले आणि ग्रंथ तीनही गेले, त्याने परक्या मुलांच्या हाती सारे जग ठेवले. आणि मी माझ्याच घरातल्या मुलाच्या हातून ते काढून घेतले होते. अक्षर येत नसलेली बाई पहिली गुरू होऊ शकते, हे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या धर्मोपदेशकाला कळले होते. मला कळले नाही.

मागच्या दिवाळीत मी ते पुस्तक कपाटातून काढून आजीपुढे ठेवले आणि माझे चुकले असे सांगितले. दोन दिवस ते तिच्या उशाशी तसेच पडून होते. तिसऱ्या दुपारी कावळा ओरडला. भाऊ आता सहा वर्षांचा आहे. जूनमध्ये तो पहिलीत जाईल. मधल्या दुपारी मी त्याला परत देऊ शकत नाही. जिराफ मात्र आमच्या घरी पुन्हा लांब मानेचा उंट झाला आहे आणि आता त्याला कोणी हटकत नाही.