अमीर अब्दुल कादिर : ज्यांच्या घरी परदेशी कॉन्सलही आसऱ्याला आले

सलाहुद्दीन अय्युबी आणि टिपू सुलतान यांची नावं आपल्या घरांत मुलांना तोंडपाठ असतात. अल्जेरियाचे अमीर अब्दुल कादिर मात्र फारसे कुणाला माहीत नसतात. म्हणून आज आम्ही त्यांच्याबद्दल लिहीत आहोत.

त्यांचा जन्म 1808 मध्ये मुअस्कर शहराजवळ एका सूफी, दीनदार घराण्यात झाला. 1830 मध्ये फ्रान्सने अल्जियर्स घेतलं आणि 1832 मध्ये कबिल्यांनी या तरुणाला अमीर निवडलं. पंधरा वर्षं ते लढले. डिसेंबर 1847 मध्ये, मुस्लिम मुलुखात जाऊ देऊ या वचनावर त्यांनी शस्त्रं खाली ठेवली. फ्रान्सने वचन मोडलं आणि त्यांना कुटुंबासह सुमारे पाच वर्षं कैदेत ठेवलं. 1852 मध्ये लुई नेपोलियनने त्यांना सोडलं आणि पेन्शनही बांधून दिली. आधी बुर्सा आणि 1855 पासून दमास्कस हे त्यांचं घर झालं.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. उस्मानी सल्तनतीने युरोपीय देशांना दिलेल्या सवलतींना इम्तियाजात म्हणत. त्यांच्या आधाराने कॉन्सल लोक आपल्या प्रजेला तर जपतच, पण दुभाषे, व्यापारी अशा काही स्थानिक लोकांनाही आपल्या छत्राखाली घेत. अशा माणसाला करात सूट मिळे, खटल्यात कॉन्सल पाठीशी उभा राही. यात ख्रिस्ती आणि यहुदी जास्त होते. शेजारी एकाच गल्लीत राहायचे, पण कायदा वेगवेगळा! त्यातून मनं कलुषित होत गेली. अल्जेरिया फ्रान्सच्या ताब्यात असल्याने दमास्कसमधले अल्जेरियन मुसलमानही फ्रेंच संरक्षण मागू शकत होते. ज्यांनी वतन हिसकावलं, त्यांचंच छत्र!

1860 मध्ये लेबनॉनच्या डोंगरात द्रुझ आणि मारोनी ख्रिस्ती यांच्यात लढाई पेटली. 9 जुलैला जमाव दमास्कसच्या ख्रिस्ती मोहल्ल्यात घुसला. कॉन्सलांच्या कचेऱ्याही सुटल्या नाहीत. कागदावरचं संरक्षण त्या दिवशी काही कामाला आलं नाही.

अमीरांना धोक्याचा अंदाज आधीच आला होता. फ्रेंच कॉन्सलच्या मदतीने त्यांनी आपल्या अल्जेरियन साथीदारांसाठी हत्यारं जमवून ठेवली होती. दंगा उसळताच ही माणसं गल्लोगल्ली फिरून लोकांना बाहेर काढू लागली. फ्रान्स, रशियाचे कॉन्सल अमीरांच्या घरी आले. अमेरिकेचे उपकॉन्सल मिखाईल मिशाका हे दमास्कसचेच रहिवासी आणि हकीम. ते जखमी झाले होते. त्यांचाही जीव याच माणसांमुळे वाचला. घर अपुरं पडू लागलं तेव्हा लोकांना पहाऱ्यात किल्ल्यात पोहोचवलं गेलं. असे हजारो जीव वाचले. नंतर फ्रान्सने लिजन ऑफ ऑनर दिला, अब्राहम लिंकन यांनी पिस्तुलं भेट पाठवली.

फ्रान्सची पेन्शन घेतली म्हणून अमीरांवर टीकाही झाली. पण आम्हाला वाटतं, माणूस कुणाच्या छत्राखाली आहे एवढंच पाहू नये. त्या छत्राखाली तो आणखी कुणाला घेतो, हेही पाहावं. शेजाऱ्याचा जीव वाचवणं हा अमीरांसाठी दीनचाच भाग होता.

26 मे 1883 रोजी दमास्कसमध्ये त्यांचा इंतकाल झाला. शेख इब्न अरबी यांच्या मजारीजवळ त्यांना दफन केलं गेलं. अल्जेरिया 1962 मध्ये आझाद झाल्यावर त्यांचे अवशेष वतनात नेण्यात आले.

मुलांना इतिहास सांगताना लढाईची पंधरा वर्षं जरूर सांगा, पण जुलै 1860 चे ते दिवसही सांगा.