पहिल्या मॅट्रिकचा विद्यार्थी : न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे

मनमाडहून नाशिककडे जाणाऱ्या गाडींत बसलें म्हणजे लासलगांव मागें पडल्यावर थोड्याच वेळानें निफाड स्टेशन लागतें. आमच्या शाळेंतील कित्येक मुलांचें जाणेंयेणें याच वाटेनें असतें. परंतु गाडी निफाडास उभी राहिली असतां खिडकींतून डोकें बाहेर काढून त्या गांवाकडे कोणीं आदरानें पाहिल्याचें निदान माझ्या तरी दृष्टीस पडलेलें नाहीं. याच निफाडास ता. १८ जानेवारी १८४२ रोजीं महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. न्यायाधीश, समाजसुधारक, इतिहासकार व अर्थशास्त्रज्ञ या नात्यांनीं त्यांची कीर्ति सर्वत्र आहे, आणि त्यांची तीं चरित्रें आपल्या ग्रंथसंग्रहांतही आहेत. मला आज सांगावयाचें आहे तें त्यांच्या आयुष्याच्या एका निराळ्याच अंगाविषयीं. शाळा सोडून विद्यापीठाच्या दारांत उभ्या राहिलेल्या मुलाचें इंग्रजी तपासून पाहावयाचें व मग त्याला आंत घ्यावयाचें, ही जी रीत आपल्याकडे पडली, तिच्या अगदीं पहिल्या कसोटीस जे मूठभर विद्यार्थी उतरले त्यांपैकीं रानडे हे एक होत. वरच्या वर्गांत इंग्रजीचा तास घेत असतां परीक्षेच्या धास्तीनें उतरलेले चेहरे मी दरवर्षीं पाहतों, आणि दरवर्षीं मला या निफाडच्या मुलाची आठवण होते.

महादेवाचे वडील गोविंदराव हे निफाडास मामलेदार कचेरींत कारकून होते. पुढें त्यांना कोल्हापूर संस्थानांत नोकरी मिळाली व कुटुंब तिकडे गेलें. या प्रवासांतील एक गोष्ट रानड्यांच्या घरांत सांगत असत. महादेव तेव्हां अवघा अडीच वर्षांचा होता. रात्रींची वेळ, बैलगाडींत मंडळी झोंपेंत, आणि वाटेंत केव्हां तरी हा मुलगा गाडींतून खालीं पडला. तो कोणाच्या लक्ष्यांतही आला नाहीं. मागून त्याचे काका घोड्यावरून येत होते. अंधारांत घोड्याच्या टापा ऐकून मुलानें हांक मारली, म्हणून तो सांपडला. एरवीं हा मुलगा इतका अबोल कीं, आई गोपिकाबाई यांस याचें पुढें कसें होणार ही काळजी लागून राहिली होती. घरच्यांच्या समजुतीप्रमाणें तो मंदच होता. ज्यांना आपले शिक्षक मंद म्हणतात त्यांनीं हें वाक्य दोनदां वाचावें; शिक्षकांनीं तर तीनदां!

कोल्हापुरास मराठी शाळा व नंतर इंग्रजी शाळा येथें त्याचा अभ्यास झाला. त्या काळीं इंग्रजी शिकणें म्हणजे काय होतें याची आज कल्पना करणें कठीण आहे. आगगाडी कोल्हापुरास पोंचावयाला अजून कित्येक वर्षें होतीं. गोऱ्या माणसाच्या तोंडचें इंग्रजी कानीं पडण्याचा प्रसंग मुलांस क्वचितच येणार. शब्दांचा अर्थ पाहावयाचा तर मोल्सवर्थ व कँडी यांनीं १८४७ सालीं प्रसिद्ध केलेला इंग्रजी-मराठी कोश होता, परंतु तो जाडा ग्रंथ प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरीं असणें शक्यच नव्हतें. तेव्हां शिक्षकाच्या तोंडून शब्द ऐकावा, तो वहींत उतरावा व पाठ करावा, हाच मार्ग. व्याकरण हाताशीं, शब्दसंग्रह बेताचा आणि कान मात्र अगदींच कोरा, अशी ही तयारी होती.

पुढील अभ्यास मुंबईस करावा असें महादेवाच्या मनानें घेतलें. वडिलांचें मन त्याला इतक्या दूर धाडण्यास घेईना. कोल्हापुरांतील कीर्तने यांच्या घरचीं मुलें मुंबईस निघालीं होतीं. विनायक जनार्दन कीर्तने, ज्यांनीं पुढें थोरले माधवराव पेशवे यांच्यावर नाटक लिहिलें, ते महादेवाचे स्नेही. त्या सोबतीचा आधार सांगून वडिलांची परवानगी मिळविण्यांत आली, आणि महादेव एल्फिन्स्टन संस्थेंत दाखल झाला.

हा काळ मोठ्या धामधुमीचा होता. उत्तरेस १८५७ चें बंड पेटलेलें, आणि त्याच वर्षीं कलकत्ता, मुंबई व मद्रास या तीन शहरीं विद्यापीठें स्थापन झालीं. मुंबई विद्यापीठाचा कायदा ता. १८ जुलै १८५७ चा. हीं विद्यापीठें लंडनच्या विद्यापीठाच्या धर्तीवर काढलेलीं होतीं. म्हणजे तीं स्वतः शिकवीत नसत, केवळ परीक्षा घेत. कॉलेजांनीं शिकवावें, विद्यापीठानें तोलावें. असल्या विद्यापीठाचें पहिलें काम म्हणजे तराजू उभा करणें. तो तराजू म्हणजेच मॅट्रिक्युलेशन, म्हणजे प्रवेशपरीक्षा. इंग्रजी, तिच्या जोडीस आणखी एक भाषा, गणित, इतिहास, भूगोल व सृष्टिविज्ञान असे तिचे विषय होते; पण सर्वांच्या पाठीशीं इंग्रजी उभी असे, कारण पुढील सारें शिक्षण त्याच भाषेंतून व्हावयाचें होतें.

ही परीक्षा प्रथम १८५९ सालीं झाली. परीक्षेस बसलेल्यांपैकीं फारच थोडे उत्तीर्ण झाले. त्यांत सतरा वर्षांचे महादेव रानडे होते आणि मालवणास जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. येथून पुढें आपण त्यांस आदरार्थीं संबोधूं, कारण परीक्षा उतरलेल्या मुलाला गांवांतही तसेंच संबोधूं लागत! त्यांच्यापुढें जुन्या प्रश्नपत्रिका नव्हत्या, मार्गदर्शकें नव्हतीं, गेल्या वर्षीं काय विचारलें होतें हें सांगणारा कोणी वडील भाऊ नव्हता. आज आपलीं मुलें अपेक्षित प्रश्नांच्या याद्या घेऊन फिरतात, त्यांना ही गोष्ट मी मुद्दाम सांगत असतों. तिचा उपयोग मात्र फारसा होत नाहीं.

परंतु खरी परीक्षा निकालानंतर सुरू झाली. कॉलेजांत अध्यापक इंग्रज. ते बोलत तें त्यांच्या देशच्या उच्चारानें व त्यांच्या वेगानें. वहींतला शब्द निराळा व कानीं पडणारा शब्द निराळा. आपल्याकडे अलीकडे बारावीच्या इंग्रजींत ऐकणें व बोलणें यांचीही तोंडी परीक्षा असते आणि तिची पुष्कळ मुलांस भीति वाटते. रानड्यांच्या पिढीला ही परीक्षा कोणीं कागदावर घेतली नाहीं. ती व्याख्यानाच्या खोलींत रोज व्हावयाची. तींत उतरण्याचा रानड्यांचा उपाय एकच होता, तो म्हणजे अमर्याद वाचन. दक्षिणा फेलो म्हणून त्यांस विद्यावेतन मिळे, आणि त्या काळांत त्यांनीं वाचलेल्या इतिहास, अर्थशास्त्र व तत्त्वज्ञान यांवरील ग्रंथांची यादी पाहून आजचा अध्यापकही चकित व्हावा. १८६२ सालीं मुंबई विद्यापीठाचे पहिले बी. ए. पदवीधर बाहेर पडले. ते चौघे होते : रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक. पुढें १८६४ त एम्. ए. व १८६६ त एल्‌एल्. बी. या परीक्षाही रानडे उतरले.

या विद्यार्थिदशेंतील एक प्रसंग सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. एका निबंधांत रानड्यांनीं मराठ्यांच्या राज्याची व इंग्रजांच्या राज्याची तुलना केली आणि मराठ्यांच्या बाजूनें झुकतें माप दिलें. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांस तें खपलें नाहीं. त्यांनीं रानड्यांची कानउघाडणी केली व त्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद ठेविली, असें चरित्रकार सांगतात. निबंधाच्या इंग्रजींत दोष नव्हता. दोष होता तो त्यांतल्या मतांत. भाषेची परीक्षा घेतां घेतां परीक्षकाचा हात कोठें निसटूं शकतो याचें हें उदाहरण आम्हां शिक्षकांस विसरतां येण्यासारखें नाहीं. नवल असें कीं, रानड्यांनीं ग्रँट साहेबांविषयींचा आदर यत्किंचितही कमी होऊं दिला नाहीं, आणि आपलें मतही टाकलें नाहीं. १९०० सालीं मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर त्यांनीं जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचें बीज त्या शिक्षा झालेल्या निबंधांतच पडलें असावें असें मला वाटतें.

या सर्व अभ्यासाची किंमत द्यावी लागली ती डोळ्यांनीं. रात्रंदिवस वाचून त्यांची दृष्टि अधू झाली व ती पुन्हां पूर्ववत् झालीच नाहीं. पुढील आयुष्यांत पुस्तकें व वर्तमानपत्रें दुसऱ्याकडून वाचवून घेऊन ऐकावीं, आणि आपण मजकूर सांगावा व दुसऱ्यानें लिहावा, हा त्यांचा नित्याचा क्रम झाला. ज्या मुलाचा कान इंग्रजीस कोरा होता, त्याला अखेर तीच भाषा कानांनींच वाचावी लागली!

हें वाचून दाखविण्याचें काम पुढें त्यांच्या पत्नी रमाबाई यांजकडे आलें. रमाबाईंशीं त्यांचा विवाह १८७३ त झाला तेव्हां त्या अकरा वर्षांच्या होत्या, व स्वतः रानडे एकतीस वर्षांचे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या सुधारकानें वडिलांच्या आग्रहापुढें मान तुकवून लहान मुलीशीं लग्न केलें, याबद्दल त्या वेळीं लोकांनीं त्यांस दोष दिला, व तो अगदींच अन्यायाचा होता असें म्हणवत नाहीं. मात्र लग्न झाल्यावर त्यांनीं त्या मुलीस अक्षरओळखीपासून स्वतः शिकविण्यास आरंभ केला. घरांतील वडील बायकांस हें मुळींच आवडलें नाहीं. रमाबाईंस टोमणे व अबोला सोसावा लागला. मराठी झाल्यावर इंग्रजी आली. रमाबाईंनीं कोणत्याही विद्यापीठाची परीक्षा दिली नाहीं, पण रोज पतीस इंग्रजी मजकूर वाचून दाखवावयाचा व चुकलेला उच्चार त्यांनीं तेथल्या तेथें सुधारावयाचा, याहून कडक परीक्षा ती कोणती? याच रमाबाईंनीं पुढें पुणें सेवासदनाचें मोठें कार्य केलें आणि १९१० सालीं पतीच्या आठवणी लिहिल्या. ज्यांना सरळ, घरगुती मराठी वाचावयाची असेल त्यांनीं त्या अवश्य वाचाव्या.

नोकरींतील बढत्या-बदल्यांचा पाढा मी येथें वाचीत नाहीं. एल्फिन्स्टन कॉलेजांत कांहीं वर्षें ते इंग्रजी व इतिहास शिकवीत होते, १८७१ त पुण्यास न्यायखात्यांत आले, मधून नाशिक व धुळें येथेंही त्यांची बदली झाली, आणि १८९३ त मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले. ही जागा रिकामी झाली ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या मृत्यूनें. तेलंग म्हणजे मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी व्हाइस-चॅन्सेलर. वय अवघें त्रेचाळीस. त्यापूर्वीं एकच वर्ष संस्कृत-इंग्रजी कोशाचे कर्ते वामन शिवराम आपटे चौतिसाव्या वर्षीं गेले होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर तर १८८२ सालीं, वयाचीं बत्तीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच. एकामागून एक असे बुद्धिमान् पदवीधर अकालीं जात असलेले पाहून रानड्यांच्या मनास चटका बसला.

शोकसभेंत भाषण करून ते थांबले नाहींत. विद्यापीठाच्या आरंभापासूनच्या पदवीधरांची यादी घेऊन त्यांतील हयात किती व मृत किती याचा त्यांनीं हिशेब मांडला, आणि १८९४ सालीं हिंदु पदवीधरांच्या अकालमृत्यूवर व्याख्यान दिलें. पारशी पदवीधरांशीं ताडून पाहतां हिंदु पदवीधरांतील मृत्यूचें प्रमाण फार अधिक होतें. परीक्षांचें ओझें कोंवळ्या वयास झेपतें कीं नाहीं, हें विद्यापीठानें पाहिलें पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. ध्यानांत घ्या, कीं हें म्हणणारा मनुष्य परीक्षेंत नापास होऊन चिडलेला नव्हता. तो पहिल्या मॅट्रिकचा, पहिल्या बी. ए. चा यशस्वी विद्यार्थी होता, आणि आपले डोळे तो त्याच तराजूंत घालून बसला होता.

त्यांचें दुसरें गाऱ्हाणें मातृभाषेविषयीं होतें. विद्यापीठाच्या आरंभीच्या वर्षांत वरच्या परीक्षांत मराठीस जागा होती. लवकरच ती काढून टाकण्यांत आली व संस्कृत, लॅटिन इत्यादि अभिजात भाषा तेथें बसल्या. मराठींत अभ्यास करण्याजोगें वाङ्मय तें काय आहे, असा प्रश्न शिकलेले लोकच विचारीत. रानड्यांनीं या प्रश्नाचें उत्तर रागानें दिलें नाहीं. पुस्तकें मोजून दिलें. मराठींत छापलेल्या ग्रंथांची विषयवार पाहणी करून १८९८ सालीं त्यांनीं मराठी वाङ्मयाच्या वाढीवर एक टिपण लिहिलें. तें टिपण इंग्रजींत होतें, हें सांगावयास नकोच! विद्यापीठाच्या सभेंतील पुष्कळांस दुसरी भाषा समजत नव्हती, आणि ज्यांस समजत होती त्यांस तिची लाज वाटे. सिंडिकेटचे सभासद व कलाशाखेचे डीन या नात्यानें त्यांनीं हा विषय विद्यापीठापुढें चिकाटीनें लावून धरला.

ता. १६ जानेवारी १९०१ रोजीं मुंबईस रानडे वारले. दोन दिवसांनीं त्यांस एकुणसाठ वर्षें पुरीं व्हावयाचीं होतीं. त्याच सुमारास मुंबई विद्यापीठानें एम्. ए. च्या परीक्षेंत मराठीस स्थान दिलें.