उत्तर देणारा माणूस

अंकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे संपादक मंडळाने सांगितले, तेव्हा मी र. धों. कर्वे यांचे नाव दिले. संपादकांनी जरा भुवया उंचावल्या. कर्वे म्हणजे महर्षी ना, असेही एकीने विचारले. महर्षी नव्हेत; त्यांचे थोरले चिरंजीव. हेच नाव मी का निवडले, ते सांगायचे तर थोडे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर माझी झोप उडाली. वर्गात हजेरी चालू असतानाच छातीत धडधड सुरू व्हायची. एका मित्राचे उत्तर यायला अर्धा तास उशीर झाला, तरी माझे हातपाय गार पडत. गावच्या डॉक्टरांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या, आईने दृष्ट काढली. शेवटी एका रात्री मी सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवला. तिथे बोलून धीर आला आणि मग एका समुपदेशक बाई मिळाल्या. त्या दुसऱ्या शहरात असतात. आमची प्रत्यक्ष भेट आजवर झालेली नाही. दर गुरुवारी संध्याकाळी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन मी मोबाइलच्या पडद्यावर त्यांच्याशी बोलते. मैत्रिणींना वाटते, मी घरी फोन करते. पहिल्या दिवशी तर मी कॅमेरासुद्धा बंद ठेवला होता. तोंडातून शब्द फुटेना, म्हणून प्रश्न टाइप करून पाठवला. पलीकडून शांतपणे उत्तर आले.

त्याच सुमारास ग्रंथालयात य. दि. फडके यांनी लिहिलेले र. धों. कर्वे यांचे चरित्र हाती लागले. ज्यांचे तोंड कधी पाहिले नाही अशा माणसांच्या खासगी प्रश्नांना आपल्या मासिकातून उत्तरे देणारा एक गणिताचा प्राध्यापक मराठीत होऊन गेला, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातल्या मुरुडचा. ते नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई वारल्या. दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि साऱ्या गावाचा रोष ओढवून घेतला. लोकांची बोलणी खाणे म्हणजे काय, हे या मुलाने घरातच पाहिले होते. बुद्धी असामान्य. १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी, नंतर गणिताचे अध्यापन आणि उच्च शिक्षणासाठी पॅरिस. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातली नोकरी निवृत्तीपर्यंत सुखाने चालली असती.

पण १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपले केंद्र उघडले होते. तिकडे निदान चर्चा तरी होत होती. इथे हा शब्द चारचौघांत उच्चारणेही कठीण. याच विचारांपायी त्यांना विल्सनमधली नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाईंनी साथ दिली. दोघांनी मूल न होऊ देण्याचा निर्णय घेतला होता आणि तो पाळला. मालतीबाईंनी त्या काळी किती प्रश्नार्थक नजरा सोसल्या असतील, याचा विचार चरित्रे वाचताना आपण फारसा करीत नाही.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू झाले. ते सव्वीस वर्षे चालले, बहुतेक काळ पदरमोड करून. मला सर्वांत ओढ लागली ती त्यातल्या पत्रोत्तरांची. शरीराविषयीची भीती, नवराबायकोतले बेबनाव, लहानपणापासून मनात घर करून बसलेले अपराधीपण, असे कोणाकोणाचे काय काय त्या पत्रांतून येई. आईवडिलांना विचारता येत नाही आणि वैद्याकडे जायला तोंड नाही, अशा माणसाने एका अनोळखी संपादकाला लिहावे आणि पुढच्या अंकाची वाट पाहावी. ती वाट पाहणे कसे असेल, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

कर्वे उत्तर देत ते सरळ. गोंजारणे त्यांच्या स्वभावात नव्हते. प्रश्न विचारणाऱ्याला पापी ठरवायचे नाही आणि माहीत असलेले लपवायचे नाही, एवढेच ते पाळत.

याबद्दल त्यांना न्यायालयात उभे राहावे लागले. पहिला खटला १९३१ चा. त्यात शंभर रुपये दंड झाला. दुसरा १९३४ चा, आणि तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मासिक लैंगिक प्रश्नांनाच वाहिलेले असताना वाचक तसे विचारणार आणि संपादकाला उत्तर द्यावेच लागणार. केवळ विषय लैंगिक म्हणून लिखाण अश्लील ठरत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला. दंड दोनशे रुपये. त्या काळचे दोनशे म्हणजे तोट्यातल्या मासिकाला केवढे! मासिक मात्र बंद पडले नाही.

त्यांचे सगळेच मला पटते असे नाही. माणसाला खरी माहिती मिळाली की त्याची भीती जाईल, असा त्यांचा गणितज्ञाला शोभणारा विश्वास होता. माझी भीती माहितीने गेली नाही. आमच्या बाई उत्तर देतच नाहीत, उलट विचारतात. त्यांनी मला एक वही करायला लावली आहे. प्रसंग काय घडला, मनात काय आले, त्याला पुरावा कोणता, विरुद्ध पुरावा कोणता, असे चार रकाने. मित्राचे उत्तर उशिरा आले, यावरून तो आपल्याला सोडून जाणार, हे सिद्ध होते का? नाही होत. वहीत हे अकरा वेळा लिहिले आहे, तरी बाराव्या वेळी धडधड होतेच. आता जरा कमी होते, इतकेच. हे रकाने आखताना मात्र मला कर्वे मास्तरांची आठवण होते.

मालतीबाई त्यांच्या आधी गेल्या. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव वारले, तेव्हा वडील हयात होते, वय वर्षे पंच्याण्णव. पुढे पाच वर्षांनी महर्षींना भारतरत्न मिळाले. मुलाच्या वाट्याला हयातीत दंडाच्या पावत्याच जास्त आल्या. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक निघाला तो नोव्हेंबर १९५३ चा, म्हणजे त्यांच्या मागे. ते गेल्याचे ठाऊक नसलेल्या कोणा वाचकाचे एखादे पत्र त्यानंतरही पोस्टाने येऊन पडले असेल, असे मला उगीचच वाटत राहते.

हा लेख दिल्यावर गच्चीवर जाण्याला काही अर्थ उरणार नाही. या गुरुवारी मी खोलीतच बसून बोलणार आहे. खोलीतल्या मैत्रिणीला तसे सांगून ठेवले आहे. ती म्हणाली, मी तेवढा वेळ मेसमध्ये बसते, आणि मग जरा थांबून तिने त्या बाईंचा नंबर मागितला.