मोटर का जळते? उत्तराची सुरुवात होते २०० वर्षांपूर्वीच्या एका शाळामास्तरापासून

अचलपूर-परतवाड्याच्या संत्रा पट्ट्यात विहिरीवरची मोटर जळली की पहिला दोष व्होल्टेजला दिला जातो. पण व्होल्टेज आणि करंट यांचं नातं नेमकं काय? ते शोधणाऱ्या जॉर्ज सायमन ओहम यांनी त्या शोधाची फारशी दखल घेतली गेली नाही म्हणून दुखावून स्वतःची नोकरी सोडली होती.

कुलूपवाल्याचा मुलगा

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन गावात झाला. वडील कुलपं बनवायचे. शाळा फारशी न शिकलेल्या या माणसाने स्वतः अभ्यास करून मुलांना गणित शिकवलं. आई ओहम दहा वर्षांचे असतानाच गेली. विद्यापीठात गेल्यावर ओहम नाच, स्केटिंग आणि बिलियर्ड्समध्ये रमले. वडिलांनी चिडून शिक्षण थांबवलं आणि त्यांना स्वित्झर्लंडला मास्तरकी करायला पाठवलं. (इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष आठवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.) १८११ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली, तरी पोट भरलं ते शाळेत शिकवूनच.

१८१७ पासून कोलोनच्या शाळेत त्यांना प्रयोगशाळा मिळाली. उपकरणं ते स्वतः बनवत; वडिलांची कारागिरी इथे कामी आली. अडचण बॅटरीची होती, तिचा दाब स्थिर राहत नसे. १८२५ चं त्यांचं पहिलं सूत्र चुकलंच. मग त्यांनी बॅटरी बाजूला ठेवली. दोन धातूंच्या जोडाचं एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात ठेवून स्थिर दाब मिळवला. वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून चुंबकसुई किती वळते ते मोजलं. तार लांब, तर रोध जास्त, करंट कमी. हिशेब जुळला.

हिशेब असा

व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध. व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर. पाणी तापवायचा रॉड २३० व्होल्टवर ४.३५ अँपिअर घेत असेल, तर रोध सुमारे ५३ ओहम आणि पॉवर १००० वॅट. व्होल्टेज १८० वर आलं की करंट ३.४ अँपिअर आणि पॉवर जेमतेम ६१२ वॅट. पाणी तापायला वेळ लागतो तो यामुळे.

मोटरचं गणित मात्र उलटं आहे. पाणी उपसायचा भार तोच असतो, म्हणून व्होल्टेज पडलं की ती जास्त करंट ओढते. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दीडपट झाला, तर उष्णता सव्वादोनपट. डीपीपासून विहिरीपर्यंतची तार लांब आणि बारीक असेल तर आणखी भर. तारेचा रोध १ ओहम आणि करंट १० अँपिअर असेल, तर १० व्होल्ट वाटेतच जातात.

उशिरा मिळालेला मान

१८२७ मध्ये ओहम यांनी हे सगळं पुस्तकात मांडलं. विद्यापीठात जागा मिळेल ही त्यांची आशा होती. पण जर्मन विद्वानांनी पुस्तकाची फारशी दखल घेतली नाही. दुखावलेल्या ओहम यांनी कोलोनची नोकरी सोडली. पुढे बर्लिनमध्ये गणित शिकवून दिवस काढले. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत नोकरी लागली. कौतुक आधी परदेशातून आलं: १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिलं. म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद मिळालं ते १८५२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी. ६ जुलै १८५४ रोजी त्यांचं निधन झालं. रोधाच्या एककाला त्यांचं नाव पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पक्कं झालं, १८८१ मध्ये.