लुई पाश्चर आणि रेशमाचे किडे

लुई पाश्चर यांचा जन्म १८२२ साली फ्रान्समध्ये, कातडी कमावणाऱ्या एका साध्या कुटुंबात झाला. पुढे दक्षिण फ्रान्समध्ये एका रोगाने रेशमाचे किडे मरू लागले व असंख्य कुटुंबांच्या तोंडचा घास गेला. तेव्हा, १८६५ मध्ये, पाश्चर आलेस गावी गेले. वर्षभरातच त्यांच्या दोन मुली वारल्या. १८६८ मध्ये अर्धांगवायूने त्यांचे डावे अंग लुळे पडले. तरीही काम थांबले नाही. अंडी घातलेला मादी पतंग कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. त्यात रोगाचे कण दिसल्यास ती अंडी नष्ट करावीत, निरोगी पतंगाचीच राखावीत, असा सोपा उपाय त्यांनी शोधला. रेशमाचा धंदा सावरला. १८९५ साली पाश्चर निवर्तले. परंतु रेशमाची अंडी आजही अशीच पारखली जातात.