भदन्त निचिदात्सु फुजी : हिरोशिमानंतरचा भिक्खू

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठच्या सुमारास हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. त्याच दिवशी जपानमधील एका भिक्खूच्या वयाची साठ वर्षे पूर्ण झाली. भदन्त निचिदात्सु फुजी हे त्यांचे नाव. वर्धा-सेवाग्रामच्या परिसरात ते फुजी गुरुजी म्हणून ओळखले जातात. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांनी वर्ध्याचा विश्वशांती स्तूप पाहिला असेल. त्या स्तूपामागची प्रेरणा त्यांचीच. जन्मदिवसाचा हा योगायोग आहे आणि योगायोगाला अर्थ चिकटवू नये, असे आम्ही वर्गात मुलांना नेहमी सांगतो. परंतु फुजी गुरुजींच्या आयुष्याचे दोन भाग त्या ऑगस्ट महिन्याने पाडले, हे त्यांचे चरित्र वाचताना जाणवल्यावाचून राहत नाही.

त्यांचा जन्म १८८५ सालचा, क्यूशू बेटावरील कुमामोतो प्रांतातला. आसो नावाच्या जागृत ज्वालामुखीच्या परिसरातील एका शेतकरी कुटुंबात ते वाढले. मेइजी राजवटीचा तो काळ होता. १८६८ नंतर शिंतो पंथाला राजाश्रय मिळाला, अनेक बौद्ध विहारांची मोडतोड झाली, भिक्खूंचा मान उतरला. होतकरू तरुणाने सैन्यात जावे, कारखानदारीत शिरावे, अशी हवा होती. अशा वेळी एकोणिसाव्या वर्षी या मुलाने चीवर अंगावर घेतले. रशियाशी युद्ध तोंडावर आले असताना केलेली ही निवड लोकांच्या पसंतीची नव्हती.

त्यांचा संप्रदाय तेराव्या शतकातील आचार्य निचिरेन यांचा. सद्धर्मपुंडरीक सूत्र हा त्याचा आधार. त्या सूत्राच्या नावाला वंदन करणारी सात अक्षरे मोठ्याने म्हणणे, ही त्याची साधना. फुजी गुरुजींनी तिला हातातल्या पंख्याच्या आकाराच्या एकतोंडी ढोलाची जोड दिली. ढोल वाजवीत, मंत्र म्हणत, रस्त्याने चालत राहायचे. पुढे त्यांच्या शिष्यांनी जगातील अनेक देशांत हेच केले, एवढी ती साधना साधी होती.

१९१८ मध्ये त्यांनी पहिले विहार उभारले ते मांचुरियात, लियाओयांग येथे. संघाचे नाव निप्पोन्झान म्योहोजी. या नावातच जपान आहे आणि मांचुरियात त्या वेळी जपानी सत्तेचा पाय रोवला जात होता, हे आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. त्या काळातील जपानी भिक्खू बहुतांशी आपल्या राष्ट्राच्या सावलीतच धम्म पाहत होते. तरुण फुजीही त्याला अपवाद नव्हते. थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना अशी पाने गाळण्याची आपल्याकडे रीत आहे. ती पाळली, तर पुढच्या परिवर्तनाचे मोलच कळत नाही.

आचार्य निचिरेन यांनी एक भाकीत करून ठेवले होते. भारतातून पूर्वेकडे आलेला धम्म एक दिवस जपानमधून पश्चिमेकडे, आपल्या मायभूमीत परत जाईल. ते खरे करण्यासाठी फुजी गुरुजी १९३१ च्या प्रारंभी कलकत्त्यास उतरले. तथागतांच्या भूमीत तथागतांचे नाव घेणारे त्यांना फारसे कोणी भेटले नाही. ढोल वाजवीत ते हिंडत राहिले. मुंबईतील वरळीचे जपानी बुद्धमंदिर आज आपण पाहतो, ते याच संघाचे. ऑक्टोबर १९३३ मध्ये वर्ध्यास त्यांची गांधीजींशी भेट झाली. ते आश्रमात राहिले, चरखा शिकले. गुरुजी हे संबोधन त्यांना येथेच मिळाले.

चरित्राच्या या भागापाशी आमची लेखणी थोडी अडखळते. पुणे करार होऊन जेमतेम एक वर्ष लोटले होते. गांधीजींचा हरिजन दौरा याच वर्ध्याहून, पुढच्याच महिन्यात निघाला. ज्यांच्यासाठी तो दौरा होता, त्यांचे नेते मात्र वेगळ्या मार्गाचा विचार करीत होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास तो विचार जाहीर झाला. धम्म भारतात परत यावा म्हणून हजारो मैल चालून आलेल्या भिक्खूला तो परतण्याची खरी वाट कोठून फुटते आहे, हे वर्ध्याच्या आश्रमात बसून दिसले नाही. याबद्दल त्यांना दोष देणे योग्य होणार नाही. १९३३ साली ते कोणाला दिसले होते? पण भाकीत खरे झाले ते जपानी ढोलांनी नव्हे. ते १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात, बोधिसत्व बाबासाहेबांच्या हातून, येथल्याच माणसांच्या निर्धाराने खरे झाले, हे आम्ही अभिमानाने नोंदवतो.

फुजी गुरुजी मायदेशी परतले, पण त्यांचा एक शिष्य सेवाग्रामला राहिला. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरल्यावर शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून इंग्रज सरकारने त्याला नेले. आश्रमाने त्याची प्रार्थना मात्र सोडली नाही. त्याच्या आठवणीसाठी त्याचा छोटा ढोल वाजवून ती रोज म्हटली जाऊ लागली. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी जनतेला खुले पत्र लिहिले. त्यात या भिक्खूची आठवण जिव्हाळ्याने काढली होती आणि त्याच पत्रात चीनवरील जपानच्या आक्रमणाचा स्पष्ट धिक्कारही होता.

मग १९४५ चा ऑगस्ट आला. हिरोशिमात त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मरण पावली. तीन दिवसांनी दुसरा बॉम्ब नागासाकीवर पडला. नागासाकी क्यूशू बेटावरचेच, फुजी गुरुजींच्या जन्मप्रांताच्या शेजारचे. मेलेल्यांत सैनिक थोडे होते. शाळकरी मुले होती, कामावर निघालेल्या बाया होत्या. पुढे फुजी गुरुजींनी स्वतःच सांगितले की, आपण शस्त्रमात्राचे विरोधक झालो ते ना गांधीजींच्या भेटीमुळे, ना सूत्रांच्या अभ्यासामुळे. हिरोशिमा आणि नागासाकी येथील निरपराध माणसांच्या संहारामुळे झालो. चाळीस वर्षे चीवर धारण केलेल्या आचार्याने हे मान्य करणे सोपे नाही. पहिले शील त्यांना पहिल्या दिवसापासून पाठ होते. त्याचा पुरता अर्थ साठाव्या वर्षी कळला, असे ते लपवाछपवी न करता म्हणत राहिले. आम्हाला त्यांच्या चरित्रात सर्वांत मोठे वाटते ते हेच.

सम्राट अशोकाची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. फरक एवढाच की, अशोक जिंकलेला राजा होता आणि फुजी गुरुजी हरलेल्या, जळालेल्या देशाचे भिक्खू होते. अशोकाचाच मार्ग धरून त्यांनी स्तूप बांधण्याचा संकल्प सोडला. पहिला शांतिस्तूप १९५४ मध्ये कुमामोतोच्या हानाओका टेकडीवर पूर्ण झाला. हिरोशिमाचा १९६६ मध्ये उभा राहिला.

भुकेल्या देशात स्तूप कशाला, असा प्रश्न आमच्यासारख्या शिक्षकाच्या मनात येतो. आमची पिढी विहाराआधी शाळा पाहायला शिकली आहे. त्याचे उत्तर स्तूपांपेक्षा त्या स्तूपांच्या भिक्खूंनी काय केले, यात सापडते. भिक्खू लोकांच्या दुःखापासून दूर, निवांत बसतात, ही बाबासाहेबांची १९५० मधील तक्रार आपल्याला ठाऊक आहे. फुजी गुरुजींचे भिक्खू निवांत बसले नाहीत.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्याची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवरील २३ खलाशांवर पडली व त्यांपैकी एक सप्टेंबरमध्ये दगावला. जपानभर घरोघरी, विशेषतः स्त्रियांनी, अण्वस्त्रबंदीसाठी सह्या गोळा केल्या. त्यांची संख्या तीन कोटींवर गेली. ऑगस्ट १९५५ मध्ये हिरोशिमात पहिली जागतिक अण्वस्त्रविरोधी परिषद भरली. या चळवळीत फुजी गुरुजींचा संघ अग्रभागी राहिला. १९५८ च्या जूनमध्ये त्यांच्याच संघातील एक भिक्खू हिरोशिमाहून टोकियोपर्यंत सुमारे हजार किलोमीटर चालत निघाला. वाटेत लोक सामील होत गेले आणि शांतियात्रांची जी परंपरा सुरू झाली, ती जपानमध्ये आजही आहे.

त्याआधीची सुनागावाची हकीकत आमच्या मुलांनी आवर्जून वाचावी अशी आहे. टोकियोजवळ ताचिकावा येथे अमेरिकेचा विमानतळ होता. तो वाढवण्यासाठी सुनागावाच्या शेतकऱ्यांच्या जमिनी मोजायला सरकार आले. शेतकऱ्यांबरोबर विद्यार्थी, कामगार आणि पिवळ्या चीवरांतील भिक्खू जमिनीवर ठाण मांडून बसले. ऑक्टोबर १९५६ मध्ये पोलिसांच्या लाठ्या चालल्या, शेकडो माणसे जखमी झाली. भिक्खूंनी हात उगारला नाही, ढोल थांबवला नाही. अखेर सरकारने मोजणी थांबवली, ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. त्याच दिवशी इकडे नागपुरात लाखो माणसे बावीस प्रतिज्ञा घेत होती. दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांची वार्ताही नव्हती. पुढे १९६८ मध्ये त्या विस्ताराची योजनाच सोडून देण्यात आली.

भारतावरचा त्यांचा लोभ कमी झाला नव्हता. राजगृहाच्या गृध्रकूटावर सद्धर्मपुंडरीक सूत्र सांगितले गेले, अशी श्रद्धा आहे. त्याच्याशेजारच्या रत्नगिरीवर त्यांनी विश्वशांती स्तूप बांधला. राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी पाया घातला, राष्ट्रपती गिरी यांनी १९६९ मध्ये उद्घाटन केले. या कामात हातभार लावणारे एक तरुण जपानी भिक्खू फुजी गुरुजींशी मतभेद होऊन बाहेर पडले आणि नागपुरास आले. ते भदन्त सुरई ससाई. नागपूरच्या बौद्ध समाजाला त्यांचा परिचय करून देण्याची गरज नाही. फुजी गुरुजींच्या छायेतून निघालेली एक वाट अशा रीतीने दीक्षाभूमीपर्यंत आली.

१९७२ मध्ये ओडिशातील धौली येथे स्तूप झाला. कलिंगच्या संहाराबद्दल अशोकाने पश्चात्ताप नोंदवलेला तेरावा शिलालेख खुद्द धौलीच्या खडकावर नाही. जिंकलेल्या प्रजेसमोर तो कोरणे अशोकाने टाळले असावे. त्या उणिवेच्या जागी आज पांढरा स्तूप उभा आहे, असे आम्ही मुलांना सांगतो. आणि त्याच देशात दोन वर्षांनी, १८ मे १९७४ रोजी, पोखरणला पहिला अणुस्फोट झाला व त्याच्याशी हसऱ्या बुद्धाचे नाव जोडले गेले. १९९८ च्या चाचण्या तर वैशाख पौर्णिमेच्या दिवशी सुरू झाल्या. तथागतांचे नाव अशा कामी यावे, याची बोच आम्हाला अजून आहे. विजेचे दिवे, विमाने किंवा अणुबॉम्ब म्हणजे सभ्यता नव्हे, माणसाने माणसाला न मारणे म्हणजे सभ्यता, असे फुजी गुरुजी सांगत असत, ते अशा वेळी आठवते.

१९७८ मध्ये भारत सरकारचा आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठीचा जवाहरलाल नेहरू पुरस्कार त्यांना जाहीर झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील मूलनिवासी आपल्या हक्कांसाठी कॅलिफोर्नियापासून वॉशिंग्टनपर्यंत चालत गेले, तेव्हा त्यांच्या सोबतीला फुजी गुरुजींच्या भिक्खूंचे ढोल होते. पाश्चात्त्य जगातील पहिला शांतिस्तूप १९८० मध्ये इंग्लंडमधील मिल्टन कीन्स येथे झाला. जून १९८२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे निःशस्त्रीकरणावरील विशेष अधिवेशन न्यूयॉर्कमध्ये भरले आणि शहराच्या रस्त्यांवर सुमारे दहा लाख लोक उतरले. शहाण्णव वर्षांचे फुजी गुरुजी त्या वेळी तेथे होते. त्यांचे शिष्य कित्येक महिने पायी चालून तेथे पोहोचले होते.

९ जानेवारी १९८५ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षात, त्यांचे निधन झाले. लंडनच्या बॅटरसी उद्यानातील स्तूप त्याच वर्षी पूर्ण झाला, लेहचा १९९१ मध्ये. वर्ध्याचा स्तूप उभा राहायला १९९३ साल उजाडले. ज्या गावी ते साठ वर्षांपूर्वी ढोल घेऊन आले होते, तेथला हा स्तूप त्यांना पाहता आला नाही. सेवाग्रामच्या प्रार्थनेत ती सात अक्षरे मात्र टिकून राहिली.