शिकारी पक्ष्यांचा पारखी ह्यूम

खानदेशात थंडी पडली, की एरंडोल परिसरातील शेतांवरून आणि माळरानांवरून भोवत्या हे शिकारी पक्षी जमिनीलगत तरंगताना दिसू लागतात. उत्तरेकडून येणाऱ्या या पाहुण्यांतील नर ओळखू येतात. माद्या व पिल्ले मात्र जाणकारांनाही चकवतात. आज दुर्बीण आणि कॅमेरा हाताशी आहेत. ते नसताना शेकडो कातडी शेजारी शेजारी मांडून भारतीय पक्ष्यांची ओळख निश्चित करणारे गृहस्थ म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पक्षितज्ज्ञ ह्यूम मात्र काहीसे विस्मृतीत गेले.

ब्रिटनमध्ये १८२९ साली जन्मलेले ह्यूम १८४९ मध्ये भारतात सनदी नोकरीत आले. इटावा येथे असताना १८५७ च्या उठावात त्यांचा पहिला पक्षिसंग्रह नष्ट झाला. त्यांनी तो नव्याने उभारला. १८६९ मध्ये त्यांनी शिकारी पक्ष्यांवरील टिपणांचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १८७२ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक सुरू केले. खानदेशातील सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी केलेली पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची सूची १८८२ साली त्यातच छापली गेली.

सरकारी धोरणांवर स्पष्ट टीका केल्यामुळे १८७९ मध्ये ह्यूम यांना सचिवपद गमवावे लागले. पुढे याहून मोठा आघात झाला. भारतीय पक्ष्यांवरील नियोजित महाग्रंथाची हस्तलिखिते सिमल्यातील त्यांच्या घरातून एका नोकराने रद्दीत विकली. खचलेल्या ह्यूम यांनी १८८५ मध्ये सुमारे ८२ हजार नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. १९१२ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले.

ग्रंथ गेला, पण कातडी उरली. १८७३ मध्ये ह्यूम यांनी नामकरण केलेला रानपिंगळा १८८४ नंतर शतकभर कोणालाही खात्रीने दिसला नव्हता. संग्रहालयांतील मोजके नमुने तपासून त्याच्या खुणा अभ्यासलेल्या अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो २५ नोव्हेंबर १९९७ रोजी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ पुन्हा आढळला. डोक्यावर ठिपके जवळपास नाहीत, एवढ्या खुणेनेही तो नेहमीच्या पिंगळ्याहून वेगळा ठरतो. जपून ठेवलेल्या कातड्यांनीच ती खूण शंभर वर्षे सांभाळली होती.